भित्र्या कुत्र्याला हवे धीराचे घर

“निवाऱ्यातून कुत्रा आणला, त्याला आज चार दिवस झाले. कॉटखालून बाहेर येत नाही, आमच्यासमोर अन्नाला तोंड लावत नाही, हात पुढे केला की थरथरतो. याला काही आजार आहे का?” असा प्रश्न पशुवैद्यकांना नेहमी ऐकावा लागतो. त्याच्या जोडीला घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न असतोच, “हा चावणार तर नाही ना? घरात लहान मूल आहे.”

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. तपासणीत ताप, जंत, गोचीड, जुनी जखम असे काही निघाले तर त्यावर औषध आहे. पण पुष्कळदा काहीच निघत नाही. कुत्रा आजारी नसतो, तो घाबरलेला असतो. भीतीला दोन दिवसांत उतार पडेल अशी गोळी नाही. तिला वेळ लागतो आणि तो वेळ देऊ शकणारे घर लागते. असे घर कसे शोधावे, कुत्रा घरी आल्यावर काय करावे, काय टाळावे आणि घरातल्या माणसांच्या आरोग्याची काळजी कशी घ्यावी, ते आज पाहू.

निवाऱ्यात कुत्री येतात कोठून?

रस्त्यावरील कुत्री पकडून त्यांची नसबंदी व लसीकरण करावे आणि त्यांना पुन्हा मूळ जागी सोडावे, अशी पद्धत आपल्या देशात २००१ च्या नियमांनी घालून दिली. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले, तरी मूळ तत्त्व तेच राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतील कुत्री पुन्हा तेथेच न सोडता निवाऱ्यात ठेवावीत, असा आदेश दिला. याखेरीज अपघातात जखमी झालेली, आई गेल्यामुळे उघड्यावर पडलेली पिल्ले, आणि हौसेने पाळून बदली झाल्यावर किंवा घर बदलताना सोडून दिलेली कुत्रीही निवाऱ्यात येतात.

यांतली धीट, शेपूट हलवत पुढे येणारी कुत्री लवकर घरी जातात. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला कुत्रा मात्र पाहणाऱ्याच्या नजरेत भरत नाही. महिन्यामागून महिने तो पिंजऱ्यातच राहतो आणि जितका राहतो तितका अधिक बुजरा होतो. कधी कोणी दया येऊन त्याला घेऊन जाते, पण आठवडाभरात कंटाळून परत आणून सोडते. असे एकदोनदा झाले की त्याचा माणसावरचा उरलासुरला विश्वासही उडतो. म्हणून भित्र्या कुत्र्याला केवळ घर मिळून भागत नाही, ते योग्य घर असावे लागते.

भीती शरीरात काय करते?

भीती हा कुत्र्याचा हट्ट किंवा नखरा नव्हे. संकट दिसले की मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी आपले स्राव रक्तात सोडतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. पळावे किंवा लढावे यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. अशा वेळी समोर ठेवलेले मटणही कुत्रा खात नाही, कारण भूक मागे पडलेली असते. अमेरिकेतील एका निवाऱ्यातील कुत्र्यांचे रक्त तपासून १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निवाऱ्यात आल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हा ताणाचा स्राव घरात राहणाऱ्या कुत्र्यांपेक्षा बराच वाढलेला आढळला. जागा बदलणे हीच कुत्र्याला मोठी धास्ती असते. निवाऱ्यातून आपल्या घरी येणे हीदेखील जागा बदलणेच आहे, हे आपण विसरतो.

दुसरे कारण बालपणात असते. पिल्लू साधारण तीन ते चौदा आठवड्यांचे असताना जे पाहते, हुंगते, ऐकते, ते त्याला आपले वाटू लागते. अमेरिकेतील मेन राज्यातील जॅक्सन प्रयोगशाळेत याचा प्रयोग झाला आणि तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही पिल्ले उंच कुंपणाच्या मोकळ्या जागेत, माणसाचा सहवास न देता वाढवली. ज्यांना मधल्या काळात आठवडाभर माणसांत आणले, ती माणसाळली. चौदा आठवडे माणसापासून दूर राहिलेली पिल्ले मात्र पुढे रानटी जनावराप्रमाणे बिचकत राहिली. आपल्याकडे शेताच्या बांधावर किंवा कचरा डेपोवर वाढलेल्या पिल्लांचे असेच होते. त्यांना कोणी मारलेलेच असते असे नाही. माणसाची त्यांना ओळखच नसते. ज्यांना मार बसला आहे, त्यांचे तर दुधाने तोंड पोळल्यासारखे होते. मग ताकही फुंकून प्यावे तसे साधा झाडू किंवा काठी पाहूनही ती कोपरा गाठतात.

भीती कशी ओळखावी?

शेपूट पायांत घालणे आणि थरथरणे सर्वांना कळते. पण त्याआधीची लक्षणे नजरेतून सुटतात. झोप आलेली नसताना जांभया देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, मान वळवून घेणे, कान मागे चिकटवणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, उकाडा नसताना धापा टाकणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे तिरके पाहणे, या सर्व खुणांचा अर्थ एकच, “जवळ येऊ नका.” या खुणांकडे दुर्लक्ष झाले की कुत्रा गुरगुरतो. गुरगुरणे ही त्याने दिलेली पूर्वसूचना असते. तिच्यासाठी त्याला दटावले किंवा मारले, तर पुढच्या वेळी तो गुरगुरत नाही, सरळ चावतो. भित्रा कुत्रा चावतो तो बहुधा पळायला वाट न उरल्यामुळे. म्हणून त्याला कोपऱ्यात गाठू नये, कॉटखालून ओढून काढू नये.

येथे एक इशारा महत्त्वाचा आहे. पिसाळण्याच्या रोगात, म्हणजे रेबीजमध्ये, प्रत्येक कुत्रा धावून चावत सुटतो असे नाही. या रोगाचा एक मुका प्रकारही असतो. त्यात कुत्रा अंधारात लपतो, गप्प राहतो आणि तो केवळ घाबरला आहे असे वाटू शकते. फरक असा की भित्रा कुत्रा रात्री सामसूम झाल्यावर खातो, पाणी पितो, आणि दिवसागणिक थोडा तरी सुधारतो. मुक्या रेबीजमध्ये खालचा जबडा लोंबू लागतो, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, मागचे पाय लुळे पडतात आणि प्रकृती झपाट्याने खालावते. घशात हाड अडकले असेल असे समजून अशा कुत्र्याच्या तोंडात हात कधीही घालू नये. त्याला एका खोलीत बंद करून पशुवैद्यकांना कळवावे.

धीराचे घर कोणते?

कुत्रा देणाऱ्याने घराचा आकार किंवा मालकाचा पैसा पाहू नये, घराची रीत पाहावी. शांत, ठरावीक वेळापत्रकाचे घर उत्तम. दिवसभर कोणीतरी मोठे माणूस घरात असणारे, फार येजा नसणारे, फाटक नीट बंद होणारे घर असावे. मुले मोठी झालेले जोडपे, निवृत्त शिक्षक, घरबसल्या शिवणकाम करणारी गृहिणी, अशी माणसे या कामाला फार चांगली. घरात आधीचा एखादा शांत, माणसाळलेला कुत्रा असेल तर दुधात साखर. त्याच्याकडे पाहून नवा कुत्रा शिकतो की या माणसांपासून भय नाही.

काही घरे मनाने चांगली असूनही या कुत्र्यासाठी योग्य नसतात. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल आहे, दारातच दुकान आहे, घरात लग्नकार्य किंवा बांधकाम निघाले आहे, अशांनी धीट स्वभावाचा कुत्रा निवडावा. “राखणीला हवा” म्हणणाऱ्यांनीही भित्रा कुत्रा नेऊ नये. तो चोराला पाहून आधी स्वतः लपेल. त्याला साखळीला बांधून दाराशी ठेवले तर पळण्याची वाट बंद होऊन तो चावरा मात्र बनेल.

देणाऱ्याने कुत्र्याचा स्वभाव लपवू नये. “हा कोणाच्या हातून खात नाही, पुरुषांना अधिक घाबरतो, फटाक्यांना पळतो,” हे स्पष्ट सांगावे, शक्य तर लिहून द्यावे. घेणाऱ्याने कुत्रा पाहायला एकदाच न जाता तीनचार वेळा जावे, पिंजऱ्याशेजारी नुसते बसावे, खाऊ टाकावा आणि परतावे. घरातल्या सर्वांची संमती आहे का, भाड्याचे घर असल्यास घरमालकाला चालते का, गावी जाताना कुत्र्याला कोण सांभाळणार, हे प्रश्न आधीच सोडवावेत. कायमचे देण्यापूर्वी पंधरा दिवस तात्पुरते देऊन पाहणे दोन्ही बाजूंना हिताचे ठरते.

पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

अनुभवी माणसे एक साधा आडाखा सांगतात. पहिल्या तीन दिवसांत कुत्र्याची धास्ती कमी होते, तीन आठवड्यांत त्याला घराची रीत कळते, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. हा अंदाज आहे, नियम नव्हे. फार बुजऱ्या कुत्र्याला वर्षही लागते.

आणण्यापूर्वी घराचा एक शांत कोपरा निवडावा. कॉटखाली किंवा टेबलाखाली जुनी गोधडी घालून वरून चादर सोडली की छान गुहा तयार होते. पाणी आणि अन्न जवळ ठेवावे. या कोपऱ्यात कोणीही त्याला हात लावायचा नाही, हा घराचा कायदा असावा. पहिल्या दिवशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून कुत्रा दाखवू नये, आंघोळ घालण्याची घाई करू नये. तो दिवसभर जेवला नाही किंवा बरेच तास लघवीला गेला नाही तरी लगेच घाबरून जाऊ नये. मात्र पूर्ण दिवस पाणी घेतले नाही, दोन दिवस अन्न घेतले नाही, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर दवाखाना गाठावा. पिल्लाच्या बाबतीत इतकीही वाट पाहू नये.

सर्वांत मोठा धोका पळून जाण्याचा असतो. घाबरलेला कुत्रा एकदा फाटकाबाहेर गेला की हाकेला येत नाही, अनोळखी रस्त्यावर वाहनाखाली सापडतो. मान मागे ओढून गळपट्ट्यातून डोके काढणे त्याला सहज जमते. म्हणून बाहेर नेताना गळपट्टा आणि छातीवरून जाणारा पट्टा असे दोन्ही बांधावेत. दाराशी ये-जा करताना आधी कुत्रा कोठे आहे ते पाहावे. दिवाळी, गणपती विसर्जनाची मिरवणूक किंवा घरातील कार्य तोंडावर असेल तर कुत्रा आणणे पुढे ढकलावे. फटाक्यांच्या रात्री दारे-खिडक्या लावून, पंखा किंवा रेडिओ चालू ठेवून त्याला त्याच्या गुहेत राहू द्यावे.

भीती मोडण्याची खरी रीत

भीती धाकाने जात नाही आणि जबरदस्तीच्या लाडानेही जात नाही. ती कशी जाते याचे एक जुने उदाहरण उपयोगी आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये एका लहान मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. पीटर नावाचा हा मुलगा तीन वर्षांचाही नव्हता आणि सशाला फार घाबरे. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा, मूल शांत राहते असे दिसले की दुसऱ्या वेळी थोडा जवळ आणायचा, असे करत करत अखेर तो सशाला हाताने गोंजारू लागला.

कुत्र्याच्या बाबतीत याच पायरीने जायचे. फक्त येथे सशाच्या जागी आपण असतो. खोलीत जाऊन त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे. डोळ्याला डोळा देऊ नये. वर्तमानपत्र वाचत बसलात तरी चालेल. उकडलेल्या चिकनचा, अंड्याचा किंवा पनीरचा लहान तुकडा त्याच्या बाजूला हलकेच टाकावा आणि उठून जावे. काही दिवसांनी तुकडा थोडा अलीकडे टाकावा. कुत्रा आपण होऊन जवळ आला तरी लगेच डोक्यावर हात नेऊ नये. वरून येणारा हात त्याला माराचा वाटतो. तळहात खाली ठेवून त्याला हुंगू द्यावे, मग छातीशी किंवा खांद्याशी दोनतीन सेकंद खाजवून हात काढून घ्यावा. त्याने पुन्हा अंग जवळ आणले तर हवे आहे, मागे घेतले तर आज एवढेच पुरे. ज्या अंतरावर तो खाणे सोडतो, ते अंतर त्याला जड जात आहे असे समजून एक पाऊल मागे यावे.

वेळा ठरावीक ठेवल्याने फार फरक पडतो. रोज त्याच वेळी जेवण, त्याच वेळी फेरी आणि शक्य तर सुरुवातीला तेच माणूस. पुढे काय होणार हे कळले की जनावराची धास्ती उतरते. अमेरिकेत अतिशय भित्र्या कुत्र्यांना माणसाळवण्यासाठी २०१३ मध्ये एक खास प्रकल्प सुरू झाला आणि २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिना राज्यात त्याचे कायमचे केंद्र उभे राहिले. तेथेही याच धर्तीवर, काही आठवडे ते काही महिने रोज थोडे थोडे काम केले जाते आणि बहुसंख्य कुत्री घर देण्याजोगी होतात. पाचसहा महिने धीर धरूनही भीती तसूभर कमी होत नसेल, तर पशुवैद्यकांना भेटावे. काही कुत्र्यांना चिंता कमी करणारी औषधे उपयोगी पडतात, पण ती त्यांच्या सल्ल्यानेच द्यावीत. माणसांची झोपेची किंवा वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी नेहमीची गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते.

मुलांना काय शिकवावे?

जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा लपलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही. त्याला मिठी मारायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. तो जवळ आला तर पळायचे नाही, झाडासारखे स्तब्ध उभे राहायचे. आणि चावा किंवा ओरखडा उठला तर लगेच घरी सांगायचे. आई-वडील रागावतील या धाकाने मुले जखम लपवतात आणि त्यातून जीव जातो. म्हणून “सांगितलेस तर रागावणार नाही” हे वचन मुलाला आधीच द्यावे. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये.

चावा झालाच तर

रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की रोगी वाचत नाही, असेच धरून चालावे. पण वेळेवर उपचार घेतले तर हा रोग निश्चित टाळता येतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून किमान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखू असे काहीही भरू नये. नंतर जंतुनाशक लावून त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. तेथे रेबीजची लस मोफत मिळते. दंडाच्या स्नायूत द्यायची लस चाव्यानंतर पहिल्या दिवशी आणि तेथून ३, ७, १४ व २८ व्या दिवशी देतात. कातडीत द्यायच्या पद्धतीत ३, ७ व २८ वा दिवस असतो. रक्त आले असल्यास जखमेभोवती तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. ते टाळू नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबाबतही विचारावे. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती आता मनातून काढून टाकावी. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली.

कुत्रा घरचा आहे, लस टोचलेला आहे, म्हणून स्वतःच उपचार टाळू नयेत. निर्णय डॉक्टरांवर सोडावा. चावलेल्या कुत्र्याला मारू नये, हाकलूही नये. त्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावे. तो दहा दिवस ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे समजते आणि पुढील उपचार कमी करता येतात. तोवर मात्र लस सुरू ठेवायची असते. निवाऱ्यात काम करणाऱ्यांनी आणि वरचेवर कुत्री सांभाळणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक लस आधीच टोचून घ्यावी.

कुत्र्याची तब्येत

निवाऱ्यातून कुत्रा घेताना लसीचे कार्ड मागून घ्यावे. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी, तसेच डिस्टेंपर, पार्व्हो या रोगांची लस पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे द्यावी. मोठ्या कुत्र्याला साधारण तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. कुत्र्याच्या पोटातील काही जंत माणसालाही बाधतात, म्हणून त्याला हात लावल्यावर मुलांनी हात धुवावेत. गोचिडांमुळे कुत्र्याला रक्ताचे आजार होतात. भित्र्या कुत्र्याच्या अंगावरून गोचीड ओढत बसण्यापेक्षा मानेवर टाकायचे किंवा पोटात द्यायचे औषध विचारून घ्यावे. दवाखान्यात पहिली भेट गर्दी नसलेल्या वेळी ठरवावी. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा कुत्र्याला देऊ नयेत.

परत देण्याची वेळ आली तर

सर्व प्रयत्न करूनही एखाद्या घराचा आणि कुत्र्याचा मेळ बसत नाही. तेव्हा त्याला दूरच्या गावी किंवा हमरस्त्यावर सोडून येऊ नये. पाळलेले जनावर असे वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. जेथून आणला तेथेच परत द्यावा आणि त्याने आपल्याकडे काय खाल्ले, कशाला घाबरला, कोठे रमला, हे सांगावे. निवारा चालवणाऱ्यांनीही परत आणणाऱ्याला बोल लावू नये. बोल लावला तर पुढचा माणूस कुत्रा परत न आणता रस्त्यावर सोडेल. त्या माहितीवरून दुसरे, अधिक जुळणारे घर शोधता येते.

भित्रा कुत्रा घ्यावा की नाही, हे ठरवताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा. हा कुत्रा तीन महिने माझ्याजवळ आला नाही, तरी त्याच्या ताटलीत रोज वेळेवर अन्न ठेवायला मला जड जाईल का? उत्तर “नाही” असेल, तर निवाऱ्यातल्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला तो कुत्रा खुशाल घरी आणावा.